चौथा खांदा कोणाचा?

घरातले माणूस गेले म्हणजे घटकाभर काळ थांबल्यासारखा वाटतो. पण तो थांबलेला नसतो. आक्रोश चालू असतानाच कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, "डॉक्टरांचा दाखला घेतला का? गावाकडे कळवले का? दफन कुठे करायचे?" हे प्रश्न ऐकून मनाला चटका बसतो. ज्याच्या डोक्याचा खळगा अजून उशीवर दिसतो आहे, त्याच्या नावाचे कागद आताच करायचे? ही निष्ठुरता तर नव्हे? उलट, सगळे विसरून नुसते रडत बसणे हेच खरे प्रेम काय? प्रत्येक कुटुंबावर कधी ना कधी येणाऱ्या या प्रश्नाचा आज आपण शांतपणे विचार करू. शोकाच्या भरात विचार करणे कठीण असते. म्हणून तो आधीच केलेला बरा.

म्हैसूरसारख्या शहरात हा प्रश्न अधिकच टोचतो. अन्नतंत्र संशोधनाची केंद्रीय संस्था, भारतीय भाषा संस्थान, रेल्वेचा कारखाना आणि अलीकडे संगणक कंपन्या यांच्यामुळे कित्येक मराठी कुटुंबे या शहरात आली आणि स्थिरावली. मुलाच्या नोकरीमागून अहिल्यानगर, मिरज, कोल्हापूर येथील वृद्ध आईवडीलही येऊन राहतात. बाजारात भाजी घेण्यापुरते कन्नड हळूहळू येऊ लागते. पण रुग्णालयाच्या खिडकीपाशी, महानगरपालिकेच्या कार्यालयात किंवा दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहून आपले दुःख आणि आपले काम दोन्ही समजावून सांगण्याइतके येत नाही. अशा वेळी माणूस दुहेरी पोरका होतो. आपले माणूस गेलेले असते आणि आपली भाषा बोलणारेही जवळ कोणी नसते.

पवित्र शास्त्रात पहिल्यांदा ज्या दफनाची हकिकत येते, ते परक्या मुलखातच झाले आहे. सारा हेब्रोनात मरण पावली तेव्हा अब्राहामाच्या मालकीची तेथे वीतभरही जमीन नव्हती. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे की त्याने प्रथम शोक केला, तो रडला. आणि मग आपल्या मृत पत्नीपासून उठून तो त्या देशच्या लोकांशी बोलावयास गेला. त्यांनी आदराने जागा फुकट देऊ केली. त्याने ती घेतली नाही. मकपेलाची गुहा व तिच्याभोवतीचे शेत त्याने चारशे शेकेल रुपे तोलून देऊन, गावच्या वेशीत सर्वांच्या साक्षीने विकत घेतले. पुढे त्या जागेबद्दल कोणी वाद घालू नये, ही त्यामागील दृष्टी होती. या हकिकतीतला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी अश्रू, मग उठणे, मग व्यवहार. अब्राहामाने व्यवहार केला म्हणून त्याचे अश्रू खोटे ठरले नाहीत, आणि अश्रू ढाळले म्हणून व्यवहार गबाळा झाला नाही.

तेव्हा कागद आणि कर्तव्य यांचा विचार करणे ही निष्ठुरता नव्हे, हे प्रथम मान्य करू. मात्र सगळ्याच गोष्टी त्याच दिवशी करावयाच्या नसतात. काही कामे थांबू शकत नाहीत. काही कामे मुद्दाम थांबवावी लागतात. या दोहोंची गल्लत झाली की मृताचा अनादर होतो आणि जिवंतांवर अन्याय.

थांबू न शकणारे पहिले काम म्हणजे मृत्यूची खात्री. माणूस घरी गेले असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे. मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांनी द्यावयाचा असतो आणि त्यासाठी शुल्क घेता येत नाही, असे कायदा सांगतो. रुग्णालयात मृत्यू झाला तर हे काम रुग्णालय करते. अपघात, आत्महत्या किंवा कारण न समजलेला आकस्मिक मृत्यू असेल तर मात्र पोलिसांना कळवणे आवश्यक असते. अशा वेळी "बोभाटा नको" म्हणून घाईने दफन उरकणारे नातेवाईक पुढे स्वतःही संकटात पडतात आणि सत्यालाही मूठमाती देतात.

दुसरे काम नेत्रदानाचे. मृताची तशी इच्छा असेल किंवा जवळच्या नातेवाइकांची संमती असेल, तर साधारणतः सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा. चेहरा विद्रूप होत नाही; अंत्यदर्शनात काही उणे राहत नाही. कोणा देहदानाची इच्छा लिहून ठेवली असेल तर म्हैसूरमध्ये १९२४ साली स्थापन झालेले जुने सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच इतरही आहेत. त्यांच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी लगेच बोलावे. पुनरुत्थानावर ज्यांचा विश्वास आहे त्यांना डोळे दिल्याने प्रभूपुढे आंधळे उभे राहावे लागेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्याने मातीतून मनुष्य घडवला, त्याला आपण सांभाळून ठेवलेल्या सामग्रीची गरज नाही.

तिसरा निर्णय सर्वांत नाजूक: देह येथेच मातीला द्यावा की गावी न्यावा? म्हैसूरहून अहिल्यानगर रस्त्याने जवळजवळ हजार किलोमीटर आहे. शववाहिकेचा तो प्रवास रात्र आणि दिवस घेतो. विमानाने न्यावयाचे तर देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र असे कागद जमवावे लागतात. खर्च मोठा होतो आणि पुष्कळदा तो उसनवारीने होतो. येथे आपण स्वतःला सरळ प्रश्न विचारला पाहिजे: हे आपण कोणासाठी करीत आहोत? आईने हयातीत "मला तुझ्या बाबांशेजारी ठेवा" असे सांगितले असेल, तर ते वचन आहे. ते पाळण्यासाठी झीज सोसणे योग्यच. पण केवळ "लोक काय म्हणतील" या धाकाने कर्ज काढून देह नेणे हे मृताचे काम नव्हे. ते आपल्या प्रतिष्ठेचे काम आहे. परमेश्वराची माती हेब्रोनात जशी त्याची होती तशी चामुंडी टेकडीच्या पायथ्याशीही त्याचीच आहे.

येथेच दफन करावयाचे ठरले तर मंडळीच्या सभासदत्वाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातील आपली पुष्कळ कुटुंबे उत्तर भारतीय मंडळीची असतात; येथील प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुधा १९४७ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय मंडळीच्या. रोमन कॅथलिक बंधूंसाठी सेंट फिलोमिना चर्च व इतर धर्मग्राम आहेत. दफनभूमी कोणतीही असो, ती त्या त्या मंडळीच्या देखरेखीखाली असते आणि बाप्तिस्म्याचा व सभासदत्वाचा दाखला विचारला जाण्याचा संभव असतो. म्हणून परगावी राहावयास गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने सभासदत्वाच्या बदलीचे पत्र पहिल्याच वर्षी आणून पाळकांच्या हाती द्यावे. कित्येक जण वर्षानुवर्षे रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि उपासना संपताच निघून जातात. मग मृत्यूच्या दिवशी पाळक त्यांना ओळखत नाहीत आणि तेही पाळकांना ओळखत नाहीत. मृत्यूच्या दिवशी ओळख काढणे फार जड जाते.

चौथे काम नोंदणीचे. डॉक्टरांचा दाखला म्हणजे मृत्यूचे प्रमाणपत्र नव्हे. येथे अनेकांची गल्लत होते. मृत्यूची नोंद निबंधकाच्या कार्यालयात व्हावी लागते, आणि जेथे मृत्यू घडला तेथेच ती होते. देह महाराष्ट्रात नेला तरी म्हैसूरमधील मृत्यूची नोंद म्हैसूरमध्येच होईल. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ही माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. मृत्यू रुग्णालयात झाला तर रुग्णालयाने आणि घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने किंवा जवळच्या नातेवाइकाने. मुदतीत नोंद केली तर पहिली प्रत विनामूल्य मिळते. त्यानंतर विलंबशुल्क, मग लेखी परवानगी व स्वसाक्षांकित कागद आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी वाट लांबत जाते. मृताचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहिले गेले ना, हे अक्षर अन् अक्षर तपासून घ्यावे. मराठी नाव तोंडाने सांगितले की परक्या लिपीत ते वेगळेच होऊन बसते आणि एका अक्षरासाठी विधवेला पुढे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. प्रमाणपत्राच्या आठदहा प्रती घेऊन ठेवाव्यात.

आता मुद्दाम थांबवावयाच्या कामांकडे वळू. येथे आपल्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते.

वडील गेले. त्यांचे एटीएम कार्ड कपाटात आहे, आकडा मुलाला ठाऊक आहे आणि दफनाला पैसे हवे आहेत. "बाबांचेच पैसे बाबांसाठी काढले तर त्यात काय वावगे?" असे मन म्हणते. पण मृत्यूच्या क्षणापासून ते पैसे बाबांचे राहिलेले नसतात. ते सर्व वारसांचे झालेले असतात. त्यांत आई आहे, दूर दिलेली बहीण आहे. तिला न विचारता काढलेली रक्कम हेतू शुद्ध असला तरी कायद्याला धरून नाही आणि पुढे भावंडांच्या मनांत संशयाचे बीज तीच पेरते. बँकेला मृत्यू कळवावा. निवृत्तिवेतन येत असेल तर तेही. मागणीचे कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तोवरचा खर्च भावंडांनी वाटून घ्यावा किंवा मंडळीच्या साहाय्य निधीतून उचलावा आणि पैन् पै वहीत लिहून ठेवावी.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. खात्यावर ज्याचे नाव वारस म्हणून लावलेले असते, तोच त्या पैशाचा धनी, असे आपण समजतो. सर्वसाधारणपणे तसे नाही. असा मनुष्य पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो. स्वीकारलेले धन त्याने खऱ्या वारसांना पोचवावयाचे असते. भागभांडवलाच्या बाबतीतही नामनिर्देशनाने वारसांचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात स्पष्ट केले. (आयुर्विम्यात पती, पत्नी, आईवडील वा मुले यांचे नाव असल्यास २०१५ पासून निराळा नियम आहे.) आणि खरे वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे पत्नी व मुले मागे असतील तर एक तृतीयांश पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समसमान. मुलगा आणि मुलगी यांत कायदा भेद करीत नाही. भेद आपण करतो.

म्हणून पहिल्या महिन्यात घर, जमीन, सोने किंवा हक्क सोडून देणे यांविषयीच्या कोणत्याही कागदावर विधवेची अथवा बहिणीची सही घेऊ नये. कोणी मागितली तर तिने देऊ नये. "सगळे जमले आहेत, आताच आटपून टाकू" या वाक्याने कित्येक बहिणींचा वाटा गेला आहे. शोकात असलेले माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. त्याची ही असहायता ओळखून सही मागणे, हे त्याच्या खिशात हात घालण्याहून वेगळे नाही. घर विकणे, आईला कोणाकडे ठेवायचे ते तिला न विचारता ठरवणे, बाबांचे कपडे तिसऱ्या दिवशी वाटून टाकणे, हे सारे थांबू शकते. तिला त्या सदऱ्याचा वास आणखी काही दिवस हवा असेल.

थांबू शकणाऱ्या पण विसरू नये अशा काही गोष्टीही आहेत. पासबुकात वर्षाकाठी ४३६ रुपये किंवा २० रुपये कापल्याची नोंद दिसते का, ते पाहावे. पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची आणि दुसरी अपघात विम्याची असते. दोहोंत दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. नोकरीत असताना मृत्यू आला असेल तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर सात लाखांपर्यंतचा विमाही असतो. हे कोणी सांगितले नाही म्हणून राहून जाते आणि गरिबाच्या घरचा हक्काचा घास जातो.

वाचकहो, इतकी कामे वाचूनच तुम्ही थकला असाल. मग ज्याच्या घरी प्रेत ठेवले आहे त्याने ही सारी करावीत तरी कशी? मूळ नैतिक प्रश्न येथेच आहे. ही कामे अवश्य झाली पाहिजेत. पण ती शोकाकुल माणसानेच केली पाहिजेत, असे नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात एक प्रसंग आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे एके काळी म्हैसूरच्या राजदरबारी मानाने राहिलेले विद्वान. पुढे तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत त्यांचे सारे धन संपले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठले तेव्हा हे कुटुंब अन्नाला महाग झाले. वडील गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेल्या. स्मशान तीन मैलांवर होते. आईचा देह उचलावयास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा भावाचा, श्रीनिवासशास्त्रींचा. चौथा खांदा नव्हता. तो सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. आणि उंची कमी पडली म्हणून तिरडीचे टोक त्यांनी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतले.

त्या मुलीच्या मनात त्या वाटेवर काय आले असेल, याची कल्पना करवत नाही. पुढचा इतिहास आपणास ठाऊक आहे. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने पोरक्या केलेल्या शेकडो विधवांना व मुलींना त्यांनी आसरा दिला. पण मला आज त्यांच्या थोरवीविषयी बोलावयाचे नाही. मला त्या गावाविषयी विचारावयाचे आहे. त्या दिवशी तेथे धडधाकट खांदे नव्हते काय? होते. ते आपापल्या घरी होते. लेकीने आईचा भार वाहिला, ही तिची थोरवी. पण तो तिच्यावर येऊ दिला, हे शेजाऱ्यांचे पाप.

आज तिरडीला किंवा शवपेटीला चार माणसे सहसा मिळतात. चौथा खांदा आता दुसऱ्या ठिकाणी कमी पडतो. तो निबंधकाच्या कार्यालयातील रांगेत कमी पडतो. कन्नडमधील अर्ज वाचून दाखवताना कमी पडतो. पहाटे बंगळूरहून येणाऱ्या नातेवाइकांना स्थानकावरून आणताना, घरातल्या लहानग्याला शेजारी नेऊन भरवताना, मधुमेही आईला वेळेवर गोळी आठवून देताना कमी पडतो. "काही लागले तर सांगा" एवढे म्हणून आपण निघतो. वाक्य चांगले आहे, पण त्याने ओझे हलत नाही. कारण काय लागेल हे त्या घराला स्वतःलाच समजत नसते. त्याऐवजी म्हणावे, "उद्या अकरा वाजता मी महानगरपालिकेत जातो, मला आधार कार्डाची प्रत द्या." किंवा, "तीन दिवस दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल." नेमके काम मागून घेणारा मनुष्य खरा खांदेकरी.

आणि ज्याच्या घरी दुःख झाले आहे, त्यालाही एक सांगणे आहे. मदत घेण्यास संकोच करू नका. "माझ्या वडिलांचे मीच केले पाहिजे" हा भाव उदात्त आहे. पण प्रत्येक कागद तुमच्याच हातून झाला पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. एका विश्वासू माणसाला बाहेरची कामे सोपवा, पैशाचा हिशेब दुसऱ्याला लिहावयास सांगा आणि तुम्ही आईजवळ बसा. ते काम दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.

कोणी म्हणेल, इतक्या लौकिक तपशिलांत आत्मिक असे काय आहे? योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडून पाहा. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला. मृताला हाक मारून उठवण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी होते, त्याला ती धोंड सारणे काय कठीण होते? तरी धोंड काढण्याचे काम त्याने भोवतालच्या लोकांना सांगितले. आणि लाजर बाहेर आल्यावर त्याची प्रेतवस्त्रे सोडण्याचे कामही त्यांनाच दिले. जे फक्त देव करू शकतो ते त्याने केले. जे शेजारी करू शकत होते ते त्याने शेजाऱ्यांसाठी ठेवले. ते मार्थेवर टाकले नाही, मरीयेवरही टाकले नाही.

म्हणून हा अंक खाली ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी करा. एका कागदावर तुमची अंत्यविधीविषयीची इच्छा, नेत्रदानाची संमती, बँक व विम्याची माहिती आणि पाळकांचा दूरध्वनी लिहून तो घरातल्या दोघांना दाखवून ठेवा. त्याने मरण लवकर येत नाही. मागे राहणाऱ्यांचे ओझे मात्र हलके होते. आणि तुमच्या मंडळीत, तुमच्या गल्लीत परगावाहून आलेले कुटुंब कोणते आहे, त्याच्या घरी वृद्ध कोण आहे, हे या रविवारी विचारून घ्या. उद्या त्या घरी प्रसंग ओढवला तर चौथा खांदा कोणाचा, याचे उत्तर तुमच्यापाशी तयार असावे.